लेकुरवाळ्या कांद्याच्या दोन ओळी

रिठद, गुरुवार, ९ जानेवारी २०२५

निवृत्त होऊन गावात राहायला आल्यापासून कुणी मला वनस्पतिशास्त्रातलं काही विचारलं नव्हतं. बारावीचा निकाल, सुनेशी कसं वागावं, बीपीची गोळी जेवणाआधी की नंतर, एवढंच विचारतात. आज नानाजींनी विचारलं. नानाजी म्हणजे आमच्या गावच्या कांदा बियाणे गटाचे अध्यक्ष. चहा होईपर्यंत ते इकडचं तिकडचं बोलले आणि कपबशी हातात आल्यावर मुद्द्यावर आले.

"मॅडम, तुमच्या जावेच्या परसात थो लेकुरवाळा कांदा हाय ना, थो आपल्याच कांद्याच्या जातीचा हाय का निराळा? पाहून सांगा. पुढच्या महिन्यात कंपनीचे साहेब येतात. जवळपास दुसरा कांदा फुलेल दिसला त समद्याइचं बी बाद करतात."

त्यांची काळजी रास्त आहे. गावाच्या चारी बाजूंनी बियाण्याचा कांदा लागलेला आहे. फेब्रुवारीत त्याला पांढरे गोंडे येतील आणि मधमाश्या या गोंड्यावरून त्या गोंड्यावर बसतील. मधमाशीला बांध दिसत नाही. त्याच जातीचा दुसरा कांदा जवळ फुलला की बी भेसळीचं होतं, आणि ते कळतं पुढच्या वर्षी, दुसऱ्याच कुणाच्या शेतात.

लेकुरवाळा कांदा म्हणजे एक लावला की त्याच्याभोवती पाच-सात होतात तो. पुस्तकात त्याला शॅलट म्हणतात. पण शॅलट या एका नावाखाली निरनिराळ्या वनस्पती नांदतात. एक आपल्या कांद्याच्याच जातीचं, त्याच्याशी सहज संकर होणारं. दुसरं करड्या सालीचं, मूळचं मध्य आशियातलं; ती जातच वेगळी, फुलतही क्वचित. तिसरं इराणकडचं, चपट्या पानांचं. पहिलं असेल तर उपटावं लागेल. दुसरं किंवा तिसरं असेल तर राहू द्यायला हरकत नाही.

आणि आत्ता उपटलं तर वाणच संपेल. गड्डे अजून पोसलेले नाहीत, आणि मागच्या सालचे पुढच्या दिवाळीपर्यंत, म्हणजे लावणीपर्यंत, टिकत नाहीत.

हा कांदा माझ्या सासूबाईंचा; माझी जाऊ रंगू त्यांना आत्याबाई म्हणते. दोघं भाऊ वेगळे झाले त्या दिवशी त्यांनी तो सगळ्यांसमोर धाकटीच्या, म्हणजे रंगूच्या ओच्यात घातला, असं मी नंतर ऐकलं. मी वाशिमला कॉलेजात शिकवत होते. मला पितळेचा हंडा मिळाला. हंडा घेऊन मी दुपारच्या एसटीने परत गेले. हंडा चांगला आहे, अजून वापरते. मला त्याचं काही नाही.

दर दिवाळीला रंगू विचारते, "बाई, कांदा न्याल का?" मी दर वेळी सांगते, मला विकतचा पुरतो.

शनिवार, ११ जानेवारी

रंगूच्या परसात गेले. दोन वर्षं शेजारी राहते, पण मधल्या भिंतीच्या दारातून पहिल्यांदाच गेले असेन.

"बाई, तुमी? परसात?"

"नानाजींनी पाठवलं. कांदा पाहायचाय."

"मंग पाहा ना." तिने पाट आणून ठेवला. मी उभ्यानेच पाहिलं. तपासणीला गेलेल्या माणसाने बसू नये.

कांद्याच्या दोन ओळी आहेत, मध्ये चपटे दगड लावून वेगळ्या केलेल्या. एक ओळ न्हाणीच्या पाण्यावर, ऐन उन्हात. दुसरी भिंतीलगत, अर्ध्या सावलीत, जिथे चुलीची राख टाकतात तिथे. पानं दोन्हीकडे गोल आणि पोकळ, म्हणजे इराणकडचं शॅलट नाही. इथवर सोपं होतं. पुढचं मात्र पाहण्यासारखं आहे. न्हाणीकडच्या ओळीला डेंगळे, म्हणजे फुलाचे दांडे, वर यायला लागलेत, टोकाला बंद कळी. भिंतीकडच्या ओळीला एकही डेंगळा नाही.

"दरवर्षी असंच असतं?"

"हाव. थे तसंच हाय."

"खाता कुठली?"

"हे भितीकडली."

"आणि ही दुसरी?"

"हे नाई खात."

"काहून?" माझ्याही तोंडातून गावचंच निघालं.

"पाह्यतो, दूध उतू गेलं का," म्हणत ती आत गेली. दूध तापत ठेवल्याचा वास काही आला नव्हता. नको त्या प्रश्नाला उत्तर न देण्याची तिची ही जुनी रीत आहे.

मंगळवार, १४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ घेऊन वैष्णवी आली. रंगूची मुलगी, रिसोडला बँकेत आहे, सुट्टीला घरी होती. मी मागितले होते तसे मागच्या सालचे दोन गड्डे तिने आणले. एक चुलीवर टांगलेल्या जुडीतला, भिंतीकडच्या ओळीचा. दुसरा देवघराच्या खुंटीवरचा, न्हाणीकडच्या ओळीचा.

दोन्ही टेबलावर ठेवून भिंग काढलं. न्हाणीकडचा गोलसर, तांबूस, साल पातळ आणि चकचकीत. भिंतीकडचा लांबट, मान बारीक, साल जाड आणि करडी.

करडी. मी खिडकीशी जाऊन पुन्हा पाहिलं. करडीच आहे.

तिळगूळ खायचा राहिला.

रविवार, १९ जानेवारी

सबंध आठवडा जुनी पुस्तकं काढून बसले आहे. लांबट गड्डा, जाड करडी साल, फुलोरा नाही. करड्या शॅलटची तिन्ही लक्षणं जुळतात. रिठदच्या परसात मध्य आशियातली वनस्पती! एवढ्या वर्षांत माझ्या नावावर एकही निबंध छापून आलेला नाही. तास घ्या, प्रॅक्टिकलच्या वह्या तपासा, परीक्षेला पहारा करा, यात नोकरी सरली. आता हे समोर आलं आहे. सासूबाईंनी ज्याची त्याची पारख करून वाटणी केली असं लोक म्हणतात. त्यांच्या हाती काय होतं हे त्यांनाही माहीत नव्हतं, आणि ज्या बाईला दिलं तिलाही नाही.

एक शंका आहे. करड्या शॅलटला थंडी लागते, बर्फाच्या मुलखातली. पण डिसेंबरात इथेही शेकोट्या पेटतात. शंका नोंदवून ठेवते.

शुक्रवार, ३१ जानेवारी

नानाजींना निर्णय सांगितला. रंगूच्या अंगणात सांगितला, म्हणजे नंतर कुणी कुणाचं नाव घ्यायला नको. न्हाणीकडची ओळ कांद्याच्याच जातीची, फुलणारी, ती उपटावी लागेल. भिंतीकडची वेगळी जात, ती राहू दे. नानाजी खूश झाले. म्हणाले, "चाला, साप बी मेला न काठी बी नाई तुटली. खाचा कांदा त वाचला. जे खातच नाई थे गेलं त काय बिघडते?"

मलाही तसंच वाटलं होतं. तिला हवी ती ओळ वाचली, शिवाय सासूबाईंचं वाण राहिलं. याहून चांगला निकाल मी तरी काय देणार होते.

रंगू दारात उभी होती. म्हणाली, "हे नाई उपटू देत."

"अवो, पन रंगूबाई, तुमी तर हे खात बी नाई," नानाजी म्हणाले.

"नाई खात. तरी नाई उपटू देत. उपटाचीच असन त माही उपटा. भितीकडली. हे राहू द्या."

दोन्ही ओळी तिच्याच, पण म्हणाली 'माही'. रागाच्या भरात माणसाचं बोलणं धड राहत नाही. भावजी, म्हणजे माझे दीर, स्वतः गटात आहेत. ते खाली मान घालून म्हणाले, "समद्या गावाचं बी बाद करतं का वं तू?" तिने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे पाहत होती. मी काय करणार? जे दिसलं ते सांगितलं.

साहेब येईपर्यंत ओळ निघाली नाही तर गट आपली माणसं पाठवेल, असं सांगून नानाजी गेले. मी त्यांच्या मागोमाग निघाले.

सोमवार, ३ फेब्रुवारी

सकाळी वैष्णवी बँकेत जायच्या आधी आली.

"मोठी आई, आई धड जेवून नाई राह्यली."

"मी काय करू त्याला? जात मी ठरवली का?"

"जातीचं नाई म्हनत मी. ते ओळ आमाले लहानपनी हात बी नाई लावू देये. एकदा मी एक पात तोडली त मार भेटला. तू एकदा इचार ना तिले."

"मी तपासणी केली. तिने उत्तर दिलं नाही."

"तपासनीत नाई वं. असंच इचार."

मुली हल्ली कोड्यात बोलतात. गाडीला उशीर होईल म्हणून मी तिला घालवली. दुपारी निबंधाच्या प्रस्तावनेची चार वाक्यं लिहिली आणि तिन्हीसांजेला खोडली. वाईट नव्हती. मन लागत नव्हतं.

रंगूला खरंतर आनंद व्हायला हवा होता. खाण्याची ओळ सोडून न खाण्याची धरून बसायचं याला हट्टाशिवाय दुसरं नाव नाही. सासूबाईंनी हिच्यात काय पाहिलं कोण जाणे.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

निबंधात ताजं चित्र हवं म्हणून आज रंगूला विचारून दोन्ही ओळींतलं एकेक बेट मुळासकट काढलं. तिने भिंतीकडचं स्वतः काढून दिलं. न्हाणीकडचं म्हणाली, "थे तुमीच काढा." मी काढलं.

घरी आणून दोन्ही धुतली. मग उरलेला तो जुना करडा गड्डाही धुवावा म्हणून पाण्यात बुडवला आणि पाणी काळं झालं.

बोटं काळी झाली. अंगठ्याने चोळलं तसा करडेपणा निघून आला. खाली तांबूस साल, न्हाणीकडच्यासारखीच. चुलीवर वर्षभर टांगलेल्या जुडीवर धूर बसणार नाही तर काय होणार? जाड साल म्हणजे काजळीचं पूट. पहिल्या वर्षाच्या पोराला मी शिकवत असे, नमुना आधी धू, मग बघ. आणि मी स्वतः तीन आठवडे काजळीचं वर्गीकरण करत बसले.

नंतर एकामागून एक सगळंच कोसळलं. लांबट आकार: भिंतीकडच्या ओळीवर राख पडत राहते, गड्डा खोल दबतो, खोल दबलेला कांदा लांबतो. पानं आडवी कापून पाहिली, दोन्ही सारखीच पोकळ. गड्डे आडवे कापले, दोन्हीत तशीच दोन-तीन कोंबांची काळजं. आणि भिंतीकडच्या बेटात पानांच्या मधोमध एक बोटभर खुंट सापडला. डेंगळ्याचा. म्हणजे डेंगळे त्या ओळीलाही येतात, थोडेच, पण येतात. कुणीतरी कळी दिसायच्या आत खुडतं.

दोन जाती नाहीत. एकच आहे, आपल्या कांद्याचीच. माझा निबंध गेला. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. भाकरी केली होती, ती झाकून ठेवली.

आता नियमाने दोन्ही ओळी उपटायला हव्यात आणि ते मलाच सांगायला हवं. त्याआधी एक गोष्ट मात्र समजून घ्यायची आहे. एका ओळीचे डेंगळे खुडते ती दुसरीचे का ठेवते? कांद्याच्या कुठल्याच पुस्तकात याचं उत्तर नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

गेले. पाट तिथेच होता. बसले.

मी म्हटलं, "रंगू, माझं चुकलं. दोन्ही एकच आहेत."

"मले माईत हाय. एकाच जुडीतले हायेत थे."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी एवढं पाहून राह्यल्या होत्या भिंग लावून. मले वाटलं, दिसते तुमाले काई." ती भाजी निवडत होती. भाजी कसली, तर भिंतीकडच्या ओळीचे डेंगळे, आदल्या दिवशीचे.

"हे खुडतेस. मग ते का खुडत नाहीस?"

"थे माहे नाई ना."

"मग कोणाचे?"

तिने हातातलं खाली ठेवलं. "तुमचे. आत्याबाईनं दोन गड्डे देल्ले होते ना ओच्यात. म्हने, एक तुहा, एक थोरलीचा. तुमी तवा निंगून गेल्त्या. एसटी होती तुमची. मंग मीच लावला. दुसऱ्याच्या वाट्याचं फूल मी कायले खुडू?"

मी ओळीकडे पाहिलं. न्हाणीचं पाणी त्या ओळीत जात होतं.

"दरसाल इचारत होती तुमाले, न्याल का म्हून. तुमी म्हना, विकतचा पुरते. मंग ठेवत गेली. मले वाटलं, माईत हाय तुमाले, पन नसन पायजे."

"इतकी वर्षं लावतेस, खात नाहीस. उरलेल्याचं काय करतेस?"

"शाळेच्या खिचडीले देतो. तुमी मास्तरीन ना, म्हून."

इथे लिहून ठेवते, कारण वनस्पतिशास्त्र एवढंच. ती स्वतःच्या ओळीतले मोठे गड्डे खाते, बारके लावते. बारक्या बियाण्याला डेंगळे कमी. माझ्या ओळीतलं काहीच खात नाही, म्हणून मोठे गड्डेच पुन्हा लावते, आणि मोठा गड्डा हमखास डेंगळा काढतो. पाण्याजवळची जागाही माझ्याच ओळीला. मी ज्या लक्षणांवरून दोन जाती केल्या, ती जातींची लक्षणं नव्हतीच.

मी तिथून लगेच नानाजींकडे गेले. उद्यावर टाकलं असतं तर धीर झाला नसता. ओसरीवर गटातले आणखी दोघं बसले होते. त्यांच्या देखत सांगितलं, माझा निर्णय चुकीचा होता, दोन्ही ओळी कांद्याच्याच जातीच्या आहेत. नानाजींनी कपाळाला हात लावला. "म्हंजे दोनी उपटा?"

"भेसळ फुलाने होते, गड्ड्याने नाही. शेतातला फुलोरा संपेपर्यंत तिथे एक कळी उमलली तर मला धरा. मी रोज सकाळी खुडीन."

"रोज? तुमी? रंगूबाईच्या परसात?" त्यांना कांद्यापेक्षा याचंच नवल वाटलेलं दिसलं.

"माझी ओळ आहे," मी म्हटलं. "दुसरं कोण खुडणार?"

परत येऊन ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत डेंगळे खुडले. वाकायची सवय नाही, कंबर धरली. रंगूने मधल्या दगडांपलीकडून टोपली सरकवली. दोन्हीकडची भाजी एकाच कढईत झाली. मी तिथेच जेवले. तिने दुसऱ्यांदा वाढली तेव्हा नको म्हणाले नाही. ती पण नीट जेवली, असं वैष्णवीने नंतर सांगितलं. मला दिसलंच होतं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

कंपनीचे साहेब आले. परस पाहिलं, वाकून पाहिलं. कळी सापडली नाही. "छान ठेवलंय," म्हणाले. नानाजी मला हळूच म्हणाले, "मॅडम, तुमी त पक्क्या हाय." मी पक्की नाही, पण म्हटलं असू दे.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

रोज जाते. पहिल्या आठवड्यात खुडून परत यायचे. आता चहा तिथेच होतो. रंगू बोलते फार. आत्याबाईंच्या गोष्टी सांगते, त्यातल्या निम्म्या मला माहीत नव्हत्या. सासूबाई माझ्या पगाराच्या नोकरीचं कौतुक बाजारभर सांगत फिरायच्या, ही त्यातलीच एक. माझ्यासमोर एकदा तरी बोलल्या असत्या. कदाचित त्या बोलायच्या आतच माझी एसटी असायची.

शेतातले गोंडे आता भरले आहेत. चार-आठ दिवसांत खुडायची गरज उरणार नाही. तरी जाईन. तण वाढतं.

रविवार, ३० मार्च, गुढीपाडवा

पात पिवळी पडून माना मोडल्या, म्हणून सकाळी गुढी उभारून झाल्यावर दोघींनी कांदा काढला. आधी तिची ओळ, मग माझी. माझ्या बेटांत एकेकाला सहा-सहा, सात-सात लागलेत. परसात पसरून ठेवले. अंगावरच्या राखेवरून ते कुठल्या ओळीतले हे मला ओळखता येत होतं, आणि धुतल्यावर साल एकच निघणार हेही माहीत होतं.

"मोठे खाजा, बारके लावजा," रंगू म्हणाली. "मंग डेंगळे कमी येतात."

"हे मी कॉलेजात शिकवलंय," मी म्हटलं.

"मंग करत काहून नाई?"

वैष्णवी हसली. मलाही हसू आलं. रंगूने माझ्या ओळीतले चांगले पोसलेले गड्डे वेचून पातीने जुडी बांधली, माती झटकली, आणि दरवर्षी दिवाळीला विचारते तसंच विचारलं, "बाई, कांदा न्याल का?"

मी ओचा पुढे केला.